दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की घोडबंदर रोडपासून तुर्भ्यापर्यंत टायरच्या दुकानांत एकच व्यवहार दिवसभर चालतो. पुढचे दोन टायर गोटा झालेले असतात आणि चारही बदलण्याची तयारी नसते. गाडीमालक दोन नवे घेतो, दुकानदार काही न विचारता ते पुढे चढवतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा भारही पुढेच. ऐकायला पटते, पण ओल्या रस्त्यावर हा हिशेब उलटतो.

पुढच्या टायरची पकड सुटली की गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. स्टेअरिंग एकदम हलके लागते आणि चालकाला ते हातात कळते. तो ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, गाडीचे वजन पुढे सरकते, वेग उतरतो आणि पुढच्या चाकांना पुन्हा जमीन सापडते. घाबरलेला माणूस आपसूक जे करतो तेच इथे बरोबर ठरते. मागच्या टायरचे तसे नाही. ते सुटताना स्टेअरिंगमधून काहीच कळत नाही, कळते तेव्हा गाडी आधीच तिरकी झालेली असते. अशा वेळी पाय काढला तर वजन पुढे जाऊन मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी मागून फिरते. सावरायला उलटे स्टेअरिंग वेळेवर, तेही मोजून द्यावे लागते, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते कोणी शिकवत नाही. ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत संगणक एकेका चाकाला ब्रेक लावून मदत करतो, पण पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक लावून त्याच्या हाती काय लागणार? गायमुख घाटाच्या उतरणीवर वजन आधीच पुढे झुकलेले असते, आणि पाम बीच मार्गाच्या लांब वळणांवर वेग चढलेला असतो. मागे गुळगुळीत टायर असतील तर या दोन्ही जागा वाईट.

मे महिन्यात मात्र याचा पत्ताही लागत नाही. कोरड्या डांबरावर घासलेला टायर नव्यापेक्षा अधिक घट्ट वाटतो, कारण त्याच्या नक्षीचे ठोकळे बुटके झालेले असतात आणि वळणावर लवत नाहीत. नव्या टायरचे सात-आठ मिलिमीटर उंच ठोकळे थोडे डोलतात. त्यामुळे पुढे नवे आणि मागे जुने अशी गाडी उन्हाळ्यात छान रस्ता धरून चालते, आणि मालक दुकानदाराला दुवा देतो. पहिल्या पावसात भूमिका बदलतात. 185 मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी 80 किलोमीटर वेगाने तीन मिलिमीटर पाण्यातून जातो तेव्हा त्याच्या वाटेत सेकंदाला सुमारे 12 लिटर पाणी येते. ते सारायला खाचाच नसतील तर टायर पाण्यावर चढतो. सरळ रस्त्यावर पुढच्या चाकांनी मागच्यांसाठी थोडी वाट मोकळी केलेली असते, पण वळणावर मागची चाके पुढच्यांचा माग सोडून चालतात.

म्हणून दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागे बसवा आणि मागची कमी घासलेली जोडी पुढे आणा. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना देणारी, असली तरी हेच करायचे. पुढचा टायर फुटेल ही भीती अनेकांना असते, पण टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने, जादा भाराने किंवा कडेला बसलेल्या कापाने. पुढे आणायची जोडी त्या दृष्टीने आतून-बाहेरून तपासून घ्या, आणि ती पुढे चालवण्याच्या लायकीची नसेल तर ती मागेही चालवण्याच्या लायकीची नाही, चार टायरच घ्या.

दुसरा घोळ एकाच ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन जातींचे टायर घालण्याचा. 185/65 आर15 च्या जोडीला 195/65 आर15 घातला जातो, कारण दुकानात तोच शिल्लक असतो आणि रिमवर तो बसतोही. कागदावरच्या मापाने पहिल्याचा व्यास 621.5 मिलिमीटर, दुसऱ्याचा 634.5. एका किलोमीटरला लहान चाक मोठ्यापेक्षा सुमारे दहा फेरे जास्त घेते. डावे-उजवे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल फक्त वळणापुरते काम करण्यासाठी असते, इथे ते सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहते. गाडी सहसा लहान चाकाच्या बाजूला ओढते. हवा कमी झाल्याचा इशारा चाकाच्या वेगावरून देणाऱ्या गाड्यांत दिवा उगाच पेटतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये तर पुढच्या-मागच्या मापातला फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसला किंवा कपलिंगला थेट भोवतो आणि ती दुरुस्ती चार टायरांच्या किमतीलाही मागे टाकू शकते.

माप एकच पण कंपनी वेगळी, हे लोकांना निरुपद्रवी वाटते. तसे नाही. एकाची कड मऊ, दुसऱ्याची ताठ. एकाचे रबर मायलेजसाठी बनवलेले, दुसऱ्याचे पकडीसाठी. पुढच्या ॲक्सलवर अशी जोडी असली तर ओल्यात जोरात ब्रेक मारताच गाडी चांगल्या पकडीच्या बाजूला वळू पाहते. मागच्या ॲक्सलवर तोटा वेगळा: अनेक गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक कमी पकड असलेल्या चाकाच्या हिशेबाने सोडते, म्हणजे चांगल्या टायरचे पैसे तिथे वाया जातात.

गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक तीन-तीनदा अलाइनमेंट करून घेतात. आधी चारही चाकांची हवा थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. मग पुढचे डावे-उजवे चाक अदलाबदल करून बघा, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली तर दोष टायरचा, होती तिथेच राहिली तर अलाइनमेंटचा किंवा चिकटणाऱ्या ब्रेकचा. दहा मिनिटांचे काम आहे, तरी ते करून बघणारे थोडेच.

एकच टायर कापला गेला तर काय, हा प्रश्न हमखास येतो. स्टेपनी पूर्ण मापाची, त्याच कंपनीची आणि न वापरलेली असेल, तर त्याच नक्षीचा एक नवा टायर आणून स्टेपनीशी त्याची जोडी लावा आणि दोन्ही मागे बसवा. उरलेल्या तिघांतली सारखी घासलेली दोन पुढे, तिसरा स्टेपनी. स्टेपनीची तारीख मात्र आधी बघा. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. डिकीत पडून राहिलेला टायरही म्हातारा होतो, रबर कडक पडते, खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसतात. नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरवरही हे आकडे वाचा. ताशी 80 ची मर्यादा छापलेली बारीक स्टेपनी असेल तर हा उपाय चालणार नाही. ती घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत जाण्यासाठी असते.

कडेवर मापानंतर 88एच असे काहीतरी असते. 88 म्हणजे त्या टायरला 560 किलो भार, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर. गाडीच्या स्टिकरवर आहे त्यापेक्षा कमी आकडा किंवा खालचे अक्षर घेऊ नका, अशा टायरमध्ये चार-पाचशे रुपये वाचत असले तरी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 94 वा नियम गाडीसाठी किमान 1.6 मिलिमीटर खोल खाच सांगतो. खाचेतली आडवी उंचवट्याची पट्टी टायरच्या पृष्ठभागाला टेकली की ती मर्यादा आली. आपल्याकडच्या पावसासाठी हे माप अपुरे आहे, तीन मिलिमीटरला नव्या टायरचा विचार सुरू करावा. खाचेची खोली मोजणारा डेप्थ गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजा, कारण आतली कड बऱ्याचदा खाल्लेली असते आणि उभ्याने ती दिसत नाही. रस्त्याकडेला मिळणाऱ्या सेकंडहँड टायरमध्ये नव्याने खाचा कोरलेला माल असतो. कोरलेल्या खाचेत ती पट्टी सापडत नाही किंवा कापलेली दिसते. असा टायर कितीही स्वस्त असला तरी गाडीला लावू नये.

खासगी गाडीचे टायर कोणी तपासत नाही. पीयूसी केंद्र धूर बघते आणि फिटनेसचा प्रश्न पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला येतो. तोवर सगळा भरवसा दुकानावर. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतल्या टायर विक्रेत्यांना विनंती आहे की बिलावर फक्त 'टायर 2 नग' न लिहिता कंपनी, पूर्ण माप, डीओटीचे चार आकडे आणि कोणता टायर कोणत्या चाकाला बसवला हे लिहून द्यावे. ग्राहकानेही गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ते आकडे चाकावरून जुळवून पाहावेत, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

— टायर व अलाइनमेंटच्या कामातील एक वाचक, ठाणे