डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलेल्या पोटाच्या प्रश्नाबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीच्या डोळ्यावर आपण उपचार केलेत, त्याचे आभार आम्ही तेव्हाच मानले होते. परंतु त्या सकाळी आपण तिला विचारलेल्या एका प्रश्नाचे ऋण त्यात फिटले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

रामबागेतून आपल्या दवाखान्यात आलो तेव्हा तिचा उजवा डोळा लालबुंद झाला होता, नजर धूसर होती आणि उजेड सोसवत नव्हता. चिपडे मात्र येत नव्हती, तरी डोळे आले असावेत अशीच घरातल्यांची समजूत होती. यंत्रावर तिची हनुवटी टेकवून आपण बराच वेळ निरखलेत, डोळ्याच्या आतल्या भागाला दाह झाला असून त्याला युव्हिआयटिस म्हणतात असे सांगितलेत, आणि थेंबांची नावे लिहिता लिहिता विचारलेत, "सकाळी कंबर आखडते का? शौचावाटे रक्त पडते का?" मुलीने आधी माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घालून "हो" म्हणाली. संकोचापोटी तिने हे मलाही सांगितले नव्हते. त्याआधी सुजलेला गुडघा एका ठिकाणी दाखवला होता, नडग्यांवरच्या दुखऱ्या लाल गाठी दुसऱ्या ठिकाणी. एकीकडे वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे मलम. पोटाचे म्हणाल, तर आमच्या इंदुरात पोट बिघडले की सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर खापर फोडून मोकळे होण्याची रीतच आहे.

आपल्या चिठ्ठीमुळे आम्ही पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, आतड्याचे तुकडे तपासले गेले, क्षयाची शंकाही दूर झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडण्याच्या विकाराचे, निदान झाले. आतड्याच्या दाहाच्या अशा विकारांत, म्हणजे यात आणि क्रोन्स नावाच्या दुसऱ्या विकारातही, सुमारे २५ ते ४० टक्के रुग्णांना सांधे, त्वचा, डोळे, तोंड किंवा यकृताच्या पित्तनलिका यांचा त्रास होतो आणि काहींना तो पोटाच्या निदानाआधीच सुरू होतो, हे तेव्हा समजले. त्यातही भेद आहे: नडगीवरच्या गाठी आणि गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्याची सूज बहुधा आतड्याच्या दाहाबरोबर वाढते व त्याच्याबरोबरच ओसरते, कण्याचा आखडलेपणा आणि डोळ्याच्या आतला दाह मात्र पोट शांत असतानाही उद्भवू शकतो. म्हणूनच, पोट ठीक असले तरी डोळा दुखून उजेड खुपू लागला की त्याच दिवशी यायचे, ही आपली ताकीद मला फार मोलाची वाटते. काही वेदनाशामके आतड्याचा दाह भडकवू शकतात, हे सांगून त्या गोळ्या थांबवायला लावल्यात, तेही आपणच.

तिला सल्फासालाझिन हे औषध सुरू झाले. १९४० च्या दशकात स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ यांनी ते संधिवातासाठी पुढे आणले आणि आतड्याच्या दाहावरही ते लागू पडले. सांधे व आतडे यांचे हे नाते म्हणजे काही आजचा शोध नव्हे, तरीही रुग्णाला ते कोणी जोडून सांगत नाही, याचे मला नवल वाटते. औषधाने लघवी नारिंगी झाली तेव्हा मुलगी घाबरली नाही, कारण तसे होणार हे तिला आधीच सांगितले होते.

आता गाठी गेल्या आहेत, गुडघा वाकतो, नजर स्वच्छ आहे. प्रत्येक तपासणीला आपण पोटाच्या डॉक्टरांचा कागद मागून वाचता आणि आपलाही त्यांना पाठवता, त्यामुळे दोन्हीकडच्या औषधांचा मेळ राहतो. त्याबद्दलही मी आपली आभारी आहे.

आपली कृतज्ञ,
एक आई, इंदूर