यंत्रासोबत नोंदीची मांडणीही लेखी द्या

महोदय,

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेन्टेनन्स बघतो. कूलिंग टॉवरच्या पंख्यावर आम्ही चार व्हायब्रेशन सेन्सर आणि एक डेटा लॉगर (मोजमापं साठवणारी पेटी) बसवला. सेकंदाला १००० नोंदी, एकेक नोंद १२ बाइटची. आठवड्याची फाइल सव्वासात जीबी. गंमत म्हणजे पुरवठादाराचंच सॉफ्टवेअर २ जीबीवरची फाइल उघडत नाही. मीच अप्रेंटिस पोराला म्हटलं, कर १०००-१००० एमबीचे तुकडे.

तिथेच माती खाल्ली. १००० एमबी म्हणजे १,०४,८५,७६,००० बाइट. १२ ने भागले की ४ उरतात. एका नोंदीची वेळ पहिल्या तुकड्याच्या शेपटाला राहिली आणि मोजमापं दुसऱ्याच्या डोक्यावर गेली. दुसऱ्या तुकड्यात तिसरा सेन्सर दर ६५ सेकंदांनी चढून धाडकन कोसळताना दिसला. तिसऱ्या तुकड्यात तेच सोंग पहिल्याने आणलं. चौथा तुकडा मात्र सरळ! बेअरिंग गेलं समजून पंखा बंद करून खोलला. बेअरिंग ठणठणीत.

पुरवठादाराकडे नोंदीची मांडणी, म्हणजे कोणता आकडा कितव्या बाइटला ते, मागितली, तर उत्तर आलं, 'ती गोपनीय आहे'. शेवटी हेक्स एडिटर (फाइल बाइट-बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसलो. दर १२ बाइटला एक आकडा एकाने वाढतोय, २५५ नंतर शून्य होऊन शेजारचा वाढतोय. म्हणजे ही मिलिसेकंदातली वेळ, कमी किमतीचा बाइट आधी. उरलेले दोन-दोन बाइटचे चार सेन्सर. तुकड्यांत चढून कोसळत होता तो सेन्सर नव्हे, त्याच्या जागी वाचली गेलेली ही वेळच. मग पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पंधराएक ओळी: फाइल बायनरी मोडमध्ये उघडायची, १२ च्या पटीतच वाचायची, 'स्ट्रक्ट' या पायथनच्याच साधनाने बाइटमधून आकडे सोडवायचे. सगळं एक्सेलमध्ये ओतलं नाही. एका शीटला १०,४८,५७६ ओळी, म्हणजे आमची जेमतेम साडेसतरा मिनिटं. दर सेकंदाचं कमाल मूल्य तेवढं ठेवलं, आठवडा ६,०४,८०० ओळींत बसला. पण कोणता आकडा म्हणजे नेमकं किती कंपन, हे हेक्स एडिटर सांगत नाही. त्यासाठी हातातला मीटर पंख्याला लावून ताळा करत बसावं लागलं.

पैसे आम्ही मोजले, पंखा आमचा, मग त्याची मोजमापं दुसऱ्याच्या कुलपात का? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योजकांनी खरेदी ऑर्डरमध्ये एक अट घालावी: कोणता आकडा कितव्या बाइटला, किती बाइटचा, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या एककात, हे एका कागदावर लेखी मिळाल्याशिवाय शेवटचं बिल पास होणार नाही. आमच्या पुढच्या ऑर्डरीत ती मी घातली आहे.

– एक मेन्टेनन्स इंजिनिअर, रबाळे, नवी मुंबई