दोन जोडण्या असूनही इंटरनेट बंद

मा. संपादक,

रस्तेखोदाईत केबल तुटली की सदाशिव पेठेतील आमच्या अभ्यासिकेत परीक्षेचे अर्ज भरणारे विद्यार्थी खोळंबतात. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊनही गेल्या आठवड्यात तेच घडले. सर्व संगणकांच्या मागण्या इंटरनेटकडे पाठवणारा आणि आलेली पाने साठवून ठेवणारा ‘स्क्विड’ हा कॅशिंग प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्राम) व्यवस्थित चालू होता, परंतु बाहेर पडताना दोनपैकी कोणत्या जोडणीचा पत्ता वापरायचा हे ठरवणारी त्याची ‘टीसीपी आउटगोइंग ॲड्रेस’ ही सेटिंग जोडणी जिवंत आहे की नाही, हे पाहतच नाही. राउटरचा दिवा हिरवा, पिंगलाही (उत्तर येते का हे पाहणाऱ्या चाचणी-संदेशालाही) त्याचे उत्तर, आणि केबल मात्र चौकात तुटलेली! म्हणून तपासणी राउटरपलीकडच्या पत्त्याची करावी आणि मार्ग बदलण्याचे काम प्रॉक्सीच्या संगणकावरील लिनक्स प्रणालीच्या राउटिंगवर (मार्ग निवडणाऱ्या यंत्रणेवर) सोपवावे. दोन्ही केबल एकाच चरातून येत नाहीत ना, हेही अभ्यासिकाचालकांनी आधीच विचारून घ्यावे.

— एक अभ्यासिकाचालक, पुणे