पाकिटे वाटा, पण थोडे थांबा

महोदय,

इंदूरच्या एमवाय रुग्णालयाबाहेर झाबुआ, अलिराजपूरकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक पथारी टाकून बसलेले असतात. त्यांना अन्न वाटणारे पुष्कळ आहेत. पाकीट दिले, फोटो काढला, गाडी सुटली. दान चांगलेच, फोटोविषयी न बोललेले बरे.

परवा एक म्हातारे बाबा एक्स-रेचा लिफाफा छातीशी धरून, हातातली चिठ्ठी येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे करत होते. औषध कुठल्या खिडकीवर मिळेल, एवढेच त्यांना विचारायचे होते. भिली वळणाचे बोलणे आपल्याला एका फटक्यात कळत नाही, दोनदा ऐकावे लागते. तेवढी फुरसत कुणाला नव्हती. खिचडीची पाकिटे मात्र त्यांच्या पिशवीत दोन होती.

माणसे निर्दय असतात असे नाही. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वाटेत कण्हत बसलेल्या माणसाला, घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली. फार घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. आणि शिकत होते धर्मशास्त्र!

आपल्या मराठी मंडळांना एक विनंती. वाटपाला पाचजण जात असतील, तर दोघांनी पाकिटांना हातच लावू नये. तिथे बसावे, नाव-गाव विचारावे, अर्ज वाचून द्यावा, खिडकीपर्यंत सोबत जावे. निवृत्त मंडळींना हे सहज जमेल. भिली समजणारे कुणी बरोबर असेल तर उत्तमच.

– एक वाचक, रामबाग, इंदूर