लिस्बनच्या त्या एका दिवसाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमची लिस्बनची यादी मिळाली. वहीच्या पानावर ओळीनं सतरा ठिकाणं आणि प्रत्येकापुढे लाल पेनानं मिनिटं. सिग्नल खात्यातली तुमची सगळी नोकरी त्या पानावर दिसते. ती मी तीनदा वाचली आणि सतरातली चारच ठेवली. का, ते फोनवर सांगायला गेले की आई म्हणते, "माझं काय, मी कुठेही बसेन," आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागते. म्हणून हे पत्र.

"मी कुठेही बसेन" इथेच माझं अडतं. जयपूरची सहल आठवा. यात्रा कंपनीनं एका दिवसात सात ठिकाणं उरकली होती. आमेरच्या किल्ल्यापाशी आई बसमधून उतरलीच नाही, "तुम्ही बघून या, मी सामानाकडे बघते" म्हणाली. रात्री तिचे पाय चेपायला घेतले, तेव्हा घोट्यांवर मोज्यांचे वळ बोटभर खोल रुतलेले होते. पिशवीतली पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली होती. बाथरूम कुठे मिळेल याची खात्री नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायली नव्हती. हे तिनं सांगितलं नाही, मला बाटलीवरून कळलं. त्या रात्रीचं मला अजून लागून राहिलंय.

म्हणून गेल्या गुरुवारी लॅबला सुट्टी टाकून मी एकटीच लिस्बनला जाऊन आले. तुम्ही चालाल त्या वेगानं चालले. कुठे बाक आहे, कुठे सावली आहे, कुठे स्वच्छ बाथरूम आहे, कुठे चढ लागतो, सगळं टिपून आणलंय. आई, त्या दिवशी तू पोटभर पाणी प्यायचंस. दिवस मी त्या हिशेबानंच आखलाय.

आपण मेच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी जाऊ. सोमवारी तिथला मोठा मठ बंद असतो आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते. मेच्या अखेरीला सूर्य मावळायला जवळजवळ नऊ वाजतात, त्यामुळे घाई करायचं कारणच नाही. नीलमोहोरही तेव्हा फुलायला लागलेला असतो. हापूसचा सीझन अर्धा सोडून यावं लागणार याचं आईला वाईट वाटतंय, ते मला कळतं. पण हापूस हे नावही आफोन्सो या पोर्तुगीज नावावरूनच आलं असं म्हणतात, तेव्हा आपण आंब्याच्या गावालाच चाललोय असं समज.

माझ्या इथून, कोइंब्राहून, सकाळची गाडी घेऊ. दोन तासांच्या आतबाहेर सांता आपोलोनिया स्टेशन येतं. पासष्टीच्या पुढच्यांना रेल्वेचं तिकीट अर्ध्या किमतीत मिळतं, फक्त वय दाखवायला पासपोर्ट जवळ हवा. बाबा, पोर्तुगालमधली पहिली आगगाडी २८ ऑक्टोबर १८५६ला लिस्बनहून कारेगादूला गेली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर साडेतीन वर्षांनी. आणि रुळांचं अंतर? १६६८ मिलिमीटर. आपलं १६७६. आठच मिलिमीटरचा फरक! हे वाचलं त्या दिवशीच तुम्हाला फोन करणार होते, पण तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून राखून ठेवलं होतं. ठेववलं मात्र नाही.

स्टेशनवरून थेट टॅक्सीनं लिस्बनच्याच बेलें भागात जाऊ. रस्ता तेजु नदीच्या कडेकडेनं जातो. नदी इथे इतकी रुंद आहे की पहिल्यांदा बघताना मला वसईच्या खाडीची आठवण झाली होती.

बेलेंमध्ये आपण अर्धा दिवस घालवणार आहोत. तुमच्या यादीत जेरोनिमुश मठापुढे "४० मिनिटं" लिहिलंय. बाबा, तिथे चाळीस मिनिटांत तुमचं समाधान होणार नाही, मी तुम्हाला ओळखते. राजा मानुएलनं हा मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, आणि त्याचा बराचसा पैसा आला तो आपल्याकडून आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मालावरच्या करातून. आतल्या चौकातल्या खांबांवर जहाजांचे दोर कोरलेत, त्यांच्या गाठी आणि पीळ दगडात इतके खरे उतरलेत की हात लावून बघावासा वाटतो. दगड फिकट पिवळसर, सकाळच्या उन्हात सायीसारखा दिसतो. त्या चौकात कडेनं बसायला जागा आहे. तिकिटं मी आधीच काढून ठेवीन, कारण बाहेरच्या रांगेला सावली अजिबात नाही.

चर्चमध्ये शिरलात की डोळे अंधाराला सरावेपर्यंत दाराशीच थांबा. मग डावीकडे बघा. वास्को द गामाचं थडगं. वर त्याची दगडी मूर्ती उताणी निजलेली, दोन्ही हात छातीवर जोडलेले, अगदी आपल्या नमस्कारासारखे. बाजूला जहाज कोरलंय. कोचीला सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये कठडा घातलेली ती जागा तुम्ही दोघांनी बघितली होती ना? १५२४ साली तो कोचीतच वारला आणि त्याला तिथेच पुरलं होतं. पुढे १५३९मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले, आणि इथे या मठात ते आले १८८० साली. तुम्ही गोष्टीचं पहिलं टोक बघितलंय, हे दुसरं. उजवीकडे कामोइंश कवीचं थडगं आहे, तो गोव्यात राहून गेलेला.

मी त्या थडग्यापाशी बराच वेळ उभी होते, आणि डोक्यात सारखा वसईचा किल्ला येत होता. रविवारी सकाळी तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून न्यायचात आणि फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीतल्या थडग्यांवरची अक्षरं बोटानं गिरवायला लावायचात. तेव्हा ना तुम्हाला ती वाचता यायची, ना मला. "कुणाच्या तरी घरचं माणूस आहे, नाव गिरव," एवढंच म्हणायचात. बाबा, आता ती मला वाचता येतात. इथे आल्यावर भाषा शिकले, त्याचं एक कारण ते दगडही आहेत. १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं हे पोर्तुगीज लोक आपल्या गावात होते. चिमाजी अप्पांच्या वेढ्याची गोष्ट तुम्ही मला शंभर वेळा सांगितली असेल. ज्या गावातून ती गलबतं निघायची तिथे उभं राहून ती एकदा पुन्हा सांगा. मला ऐकायचीय.

दुपारचं जेवण हॉटेलात नको. मठाच्या जवळच वास्को द गामाच्या नावाची बाग आहे, भरपूर झाडं आणि बाक. मी आदल्या रात्री दशम्या करून घेईन. आई, तू फक्त लिंबाचं लोणचं आण आणि वसईची सुकेळी आण, जास्त आण, लॅबमध्येही द्यायचीत.

जेवणानंतर जवळच बेलेंच्या प्रसिद्ध पेस्ट्रीचं दुकान आहे, १८३७पासूनचं. बाहेर मोठी रांग दिसेल, ती बांधून नेणाऱ्यांची. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे टेबलावर बसता येतं आणि बाथरूमही तिथेच आहे. पेस्ट्री कोमट येते, वरून ठिकठिकाणी करपलेली, पापुद्रा दाताखाली कुरकुरतो आणि आतलं सारण जिभेवर पसरतं. त्यावर दालचिनीची पूड भुरभुरवायची. आई, त्यात अंड्याचा बलक असतो, म्हणून तुला आधीच सांगते. तू चहा घे. इथे त्याला "शा" म्हणतात. आणि नुसती कान देऊन बस. बटाट्याला ते बटाटाच म्हणतात. पाव, साबण, चावी, कोबी, काजू, अननस, घमेलं, लिलाव, पगार, हे सगळे शब्द यांच्याकडूनच आपल्या घरात आलेत. पहिल्या महिन्यात इथे मला फार एकटं वाटायचं. तेव्हा एकदा दुकानात कुणीतरी "बटाटा" म्हणालं आणि मला तू स्वयंपाकघरातून हाक मारतेयस असं वाटलं होतं.

बेलेंचा बुरूज आपण बाहेरूनच बघू, आत जिना फार अरुंद आहे. पण त्याच्या एका कोपऱ्याखाली गेंड्याचं डोकं कोरलंय ते बघायचं. गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडा गोव्याहून जहाजानं मे १५१५मध्ये इथे उतरला होता. वाऱ्यापावसानं झिजलाय बिचारा, तरी ओळखू येतो.

परतताना मात्र तुमची हौस. बेलेंहून शहरात यायला नदीकाठानं लोकल आहे. १९२६ साली त्या मार्गावर वीज आली, १५०० व्होल्ट डीसी. तुमच्या चर्चगेट-विरारवर पूर्वी होती तशीच. पण त्या स्टेशनला जायला पूल चढावा लागतो आणि आईच्या गुडघ्याला तो नको. म्हणून मी असं ठरवलंय की तुम्ही एकटे लोकलनं या, आई आणि मी ट्रामनं येतो. मधे दोनच स्टेशनं, आल्कांतरा आणि सांतुश, मग काइश दु सोद्रे. तेच शेवटचं, चुकायचा प्रश्नच नाही. फाटकाबाहेर आम्ही उभ्या असू. तुम्हाला एकट्याला सोडताना मला धाकधूक वाटेल, पण ज्यानं सगळं आयुष्य रुळांवर काढलं त्याला परक्या देशात एकदा खिडकीशी एकटं बसू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून नदीकाठच्या मोठ्या चौकात जाऊ. १ नोव्हेंबर १७५५च्या सकाळी इथे राजवाडा होता. सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप झाला, मग नदीतून समुद्र आत आला, मग आग कितीतरी दिवस जळत राहिली. हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी याच राजवाड्यात होती, तीही गेली. वसई तेव्हा आपल्याकडे येऊन सोळा वर्षं झाली होती. आज जे सरळ रस्त्यांचं शहर दिसतं ते नंतर राजाचा मंत्री पोंबाल यानं वसवलं. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले, पुन्हा हादरा बसला तर घर लवावं, कोसळू नये म्हणून. चौकाच्या तिन्ही बाजूंना कमानी आहेत, तिथे सावलीत बसू. तास लागला तरी चालेल.

शेवटी टॅक्सीनं वर आल्फामा या टेकडीवरच्या भागात, पोर्ताश दु सोल नावाच्या गच्चीसारख्या जागी. भूकंपातून वाचलेली ही जुनी वस्ती, खाली लाल कौलं आणि पलीकडे नदी. तुमच्या यादीतली २८ नंबरची पिवळी ट्राम मी काढली. तासभर उभं राहावं लागतं आणि गर्दीत पाकीटमार असतात. पण ती या गच्चीच्या समोरूनच वळण घेत जाते. खुर्चीत बसून हव्या तितक्या बघा, रूळ अवघे ९०० मिलिमीटरचे. उतरतानाही टॅक्सीच. बाबा, तुमचा गुडघा चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतो, हे तुम्ही सांगत नाही, पण आपल्या जिन्यात कठडा धरता तेव्हा मी बघितलंय.

राजवाड्यांचं सिंत्रा हे वेगळं गाव आहे, ते त्या दिवशी नाही. वरचा किल्लाही नाही, उंच लोखंडी लिफ्ट खालून बघू. संध्याकाळी सातच्या सुमाराच्या गाडीनं परत. आणि आई, मधे कुठेही तुला वाटलं की आता पुरे, तर "पुरे" म्हण. आपण तिथेच थांबू. सतरातली दोनच झाली तरी माझा दिवस पुरा होईल, तू दोन्ही ठिकाणी आमच्याबरोबर खाली उतरलीस एवढं मला पुरे.

एक काम मात्र आत्ताच करा. इथले पदपथ चुनखडीच्या छोट्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, लाखो पावलांनी काचेसारखे गुळगुळीत झालेले. थोडा पाऊस पडला की त्यावरून माझाही पाय सरकतो. चामड्याच्या चपला नकोत. दोघांनाही रबरी तळव्याचे, नाडीचे बूट घ्या आणि येईपर्यंत रोज घालून नाक्यापर्यंत चाला, नवे बूट इथे येऊन पहिल्यांदा घालू नका. आई, तुझे बूट संध्याकाळी जाऊन घे. सकाळी घेतलेस तर पाय सुजल्यावर ते आवळतील.

तुमची,
मनू