तुमच्या भिंतीवर पण फुली मारली आहे

प्रिय दोस्ता,

फोनवर हे नीट सांगता येत नाही, अर्ध्यात रेंज जाते, म्हणून लिहूनच काढतो. आधी कामाचं सांगतो. रस्ता रुंदीकरणाची लाल फुली तुमच्या बंद घरावर पण पडली आहे, आमच्या ओट्यावर पडली त्याच दिवशी.

मागच्या मंगळवारी वेचणीच्या बायांना वावरात सोडून परत आलो तर दारात दोन पोट्टे टेप धरून उभे, एक रस्त्याच्या मधोमध अन् दुसरा आमच्या तुळशीपाशी. मोजलं, डब्यात ब्रश बुडवला अन् ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर फुली मारून खाली आकडा टाकला, ११ फूट ४ इंच. आई आतून विचारते, काय रंगवून राहिले रे बापू? तर तो म्हणे काकू आम्ही ठेकेदाराकडचे, आम्हाले काही माहीत नाही. मग तुमच्याकडे वळले. तुझे बाबा दर साली पेरणीची तारीख खिळ्यानं भिंतीत कोरायचे ना, दाराच्या डाव्या हाताला, त्या तारखा अजून वाचता येतात, नेमका तिथूनच ब्रश फिरवला. मी म्हटलं अरे थोडं बाजूला मार, पण तोवर मारून झाली होती. मले लय लागलं गड्या ते.

तू विचारशील, कोणाले सांगितलं नाही काय? सांगावं कोणाले हेच तर चार वर्षं समजत नव्हतं. २०१६ ला निवडून दिलेले नगरसेवक २०२२ मधे मुदत संपून घरी बसले, ओबीसी आरक्षणाची केस सुप्रीम कोर्टात, निवडणूक नाही, नुसता प्रशासक. अन् त्याच काळात वर मुंबईत काय काय झालं, जून २०२२ मधे शिवसेना फुटली, जुलै २०२३ मधे राष्ट्रवादी, अन् इथं आपल्या चौकात रोज नवं बॅनर, काल ज्याच्यासंग फोटो होता तो आज दुसऱ्या बॅनरवर. पानटपरीवाला अन् त्याचा चुलतभाऊ, तुले माहीत आहे दोघं एका ताटात जेवायचे, ते गटाच्या भांडणावरून दोन दिवाळ्या बोलले नाहीत. आता दोघांच्याही दुकानावर फुली आहे. परवा दोघं एकाच बाकावर बसून नोटीस वाचत होते, मले पाहून बरं वाटलं अन् वाईटही वाटलं.

शेवटी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, निकाल लागला २१ ला. आपल्या वॉर्डाची नवी नगरसेविका घरी येऊन गेली, बिचारी खरंच ऐकून घेते, पण म्हणते रस्ता आधीच मंजूर झाला, टेंडर निघालं, मी आत्ता आली.

तू वरळीत राहतो म्हणून सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमधे तू बीडीडी चाळीचा फोटो पाठवला होता, ५५६ जणांना चाव्या भेटल्या, १६० फुटाच्या खोलीच्या जागी ५०० फुटाचं घर. आईनं तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला. तिचा प्रश्न साधा आहे, तिकडं पाडतात तर आधी देतात, इकडं काहून नाही? मी वकिलाकडे गेलो होतो. ते म्हणे १९६६ च्या नगररचना कायद्यात आहे, कलम १२६, तुमच्या हक्काची जागा रस्त्यात घेतली तर पैसे नाहीतर टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्यावाच लागते. पण ती जागा अतिक्रमण ठरली तर एक रुपया नाही, उलट पाडायचा खर्चही आपल्यावरच येऊ शकते. म्हणजे सगळं कागदावर आहे. आपली दोन्ही घरं नझूलच्या, म्हणजे सरकारनं पट्ट्यानं दिलेल्या जागेच्या, एकाच शीटवर, मधली भिंत सामाईक. आमच्या पट्ट्याचं नूतनीकरण वडील गेल्यावर राहून गेलं, ती चूक माझीच. तुझ्या बाबांनी मात्र केलं होतं, मी त्यांच्यासंग गेलो होतो, मले पक्कं आठवते. त्या नकाशात दोन्ही ओटे दाखवले असतील तर आपण दोघंही वाचतो.

मी रस्त्याच्या विरोधात नाही रे. तुले आठवते ना, आजीला नेताना ॲम्ब्युलन्स चौकात कशी अडकली होती. रस्ता पाहिजेच. पण भिंत पाडून नवी बांधायले पैसे कुठून आणू? सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ५३२८ होता, अन् आमचं ओलं आहे म्हणून व्यापाऱ्यानं चार हजाराच्या आतच मागितलं, मजुरी द्यायची होती, देऊन टाकलं.

हरकतीची सुनावणी पुढच्या सोमवारी ११ वाजता आहे. तू शनिवारी रात्री विदर्भ एक्सप्रेसनं निघ, धामणगावला उतर, मी गाडी घेऊन येतो. आधार कार्ड अन् बाबांचा मृत्यूचा दाखला सोबत आण, आखीव पत्रिकेची (जागा कोणाच्या नावावर, किती, त्या सरकारी कागदाची) नक्कल मी काढून ठेवली. पट्टा बहुतेक मधल्या खोलीतल्या लोखंडी पेटीत असेल, तुझ्याशिवाय मी ती उघडणार नाही. कुलूप पार गंजलं आहे, आज त्याच्यात तेल सोडून ठेवलं.

तुझाच,
शेजारी