विषय: 'हँड्स-ऑन' रोटेशन आणि अजून न आलेलं शिफारसपत्र

व्यवस्थापक,

काल तुमच्या काउन्सेलरशी बावीस मिनिटं बोलले. त्यातली चौदा होल्डवरच्या गाण्यात गेली. म्हणून आता लेखी.

अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रशिक्षणाला, अर्ज करायचा म्हणून मी तुमच्याकडून रोटेशन घेतलं, म्हणजे तिथल्या डॉक्टरच्या हाताखालचा अनुभव आणि शेवटी त्यांचं शिफारसपत्र. माझं इंटर्नल मेडिसिनचं हे चार आठवड्यांचं रोटेशन तुम्ही 'टीचिंग हॉस्पिटल, इनपेशंट, हँड्स-ऑन' म्हणून विकलंत. पोचले तर न्यू जर्सीत ड्रायक्लीनरच्या शेजारचा दवाखाना. वॉर्ड नाही, राउंड नाही, रेसिडेंट, म्हणजे प्रशिक्षणार्थी डॉक्टर, तर औषधालाही नाही. एका डॉक्टरमागे आम्ही सहा जण, सगळे तुमचेच गिऱ्हाईक. तपासणीच्या खोलीत तिघंच मावायचे, त्यामुळे आम्ही पाळ्या लावल्या. उरलेले तिघं वेटिंग रूममध्ये पेशंटांच्या रांगेत. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं, पेशंटला हात लावायचा नाही. त्यांचं काही चुकलं नाही. पदवी झालेल्याने बी-१ व्हिसावर फक्त बघायचं असतं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही, तुमचा धंदाच तो आहे.

त्याच महिन्यात मला एका विद्यापीठाच्या रुग्णालयात ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे नुसतं बघायची संधी, मिळत होती. "ऑब्झर्व्हरशिपच्या लेटरला काय वजन असतं मॅडम?" असं तुमचे काउन्सेलर म्हणाले आणि मी ती सोडली. तिथे स्वतःचा रेसिडेन्सी प्रोग्रॅम होता. नुसती बघत का होईना, महिनाभर रोज सकाळी एकाच अटेंडिंगच्या, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरच्या, मागे राउंडला उभी राहिले असते. मी केस कशी मांडते, कुठे अडते, हे त्यांना दिसलं असतं. त्यातूनच माणूस चार ओळी खऱ्या लिहू शकतो. इथे डॉक्टर शेवटच्या दिवशीही मला शेजारच्या हैदराबादच्या मुलीच्या नावाने हाक मारत होते. त्यांचा राग नाही. सहा जणांना लक्षात ठेवायचे पैसे त्यांना तुम्ही दिले नसणार.

अमेरिकेच्या परवाना परीक्षेतली स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली. उरतात स्टेप २ चे मार्क आणि शिफारसपत्रं, तीही एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार. त्यातलं एक तुम्ही 'दोन आठवड्यांत पोर्टलवर' म्हणाला होता. डॉक्टरांना पत्र अपलोड करायला लागतो तो लेटर आयडी मी ऑगस्टमध्ये दिला. सप्टेंबरच्या शेवटी प्रोग्रॅमवाले अर्ज उघडून बसले आणि माझ्या अर्जात ती जागा रिकामी. अजूनही रिकामीच आहे.

आता कालचं संभाषण. रेकॉर्ड होतं असं तुम्हीच सांगता, तर ऐका.

मी म्हटलं, लेटर आलेलं नाही. उत्तर आलं, "मॅडम, ड्राफ्ट पाठवलाय ना? भरून द्या, डॉक्टर सही करतील."

तो ड्राफ्ट मी पाहिला आहे. पहिल्याच ओळीत कुणा भलत्याच मुलाचं नाव. पुढे दोनदा माझा उल्लेख पुल्लिंगी. तिसऱ्या परिच्छेदात मी आयसीयूत रात्रपाळ्या केल्याचं कौतुक. त्या दवाखान्यात आयसीयू सोडा, धड स्ट्रेचर नव्हतं.

मी विचारलं, पत्र मीच लिहायचं होतं, तर मी ते बघणार नाही असं वेव्हर कशाला भरून घेतलंत?

यावर तुमचे काउन्सेलर अगदी समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "वेव्ह केलंय ना मॅडम, मग आत काय लिहिलंय याची काळजीच करू नका."

मी गप्प झाले. त्यांना वाटलं, पटलं. लगेच म्हणाले, "दुसरं रोटेशन घ्या ना, दहा टक्के सूट देतो."

दहा टक्के! वेटिंग रूममधल्या खुर्चीचं भाडं वजा करून का?

सभ्यपणे लिहायचं ठरवलं होतं. पण फीचे २,६०० डॉलर, तिकीट आणि महिन्याचं भाडं यासाठी बाबांनी एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलंय, आणि 'लेटर आलं का' हे ते रोज जेवताना विचारतात. तुमचं नाव मला आमच्याच कॉलेजच्या सीनियरने सांगितलं होतं. ज्युनियर्सना आता काय सांगायचं ते मी ठरवलंय.

पंधरा दिवसांत पूर्ण फी परत हवी. सूट नको, 'क्रेडिट' नको. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाते. २०१९ च्या कायद्याने तक्रार मी राहते तिथे, म्हणजे साताऱ्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. पुण्याहून तारखांना तुम्ही या. ब्रोशरचं 'इनपेशंट, हँड्स-ऑन' लिहिलेलं पान जपून ठेवलंय.

नोंदणी क्रमांक ईमेलच्या विषयात आहे. पाचव्यांदा.

आणि ड्राफ्टमधलं त्या मुलाचं नाव आधी काढा. त्याचा अर्जही कुठेतरी उघडा असेल, आणि माझं नाव कुणाच्या पत्रात फिरतंय कुणास ठाऊक.